उतारावर इंजिन बंद

आमच्या दादाने पेट्रोल वाचवायला सुरुवात केली ती एका माणसाचा दात पाडून. थट्टा नाही करत. मी तिथेच होते, जमिनीवर आडवी पडलेली.

आमच्या कारखान्याचं फाटक खोलगटात आहे. शिफ्ट बदलताना आत जाणारे आणि बाहेर पडणारे तिथे एकमेकांत अडकतात, कारण कार्डं तपासायला वॉचमन एकच, आणि त्याला घाई कशाचीच नाही. मोटरसायकलींची ही गर्दी! एकही बाप्या इंजिन बंद करील तर शपथ. उलट उभ्या उभ्या रेस करत बसायचं, घुर्रर्र घुर्रर्र, जशी काही वॉचमनला त्याने भीती वाटणार आहे. धूर वर जायला जागा नाही, तो सगळा आमच्या नाकातोंडात. पॅकिंगमधल्या आम्ही बायका तोंडाला ओढणी लावून उभ्या राहायचो. त्या दिवशी मला आधीच ताप होता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका सायलेन्सरच्या तोंडाशीच कोसळले.

त्या गाडीवरचा माणूस खाली बघून म्हणाला, ‘‘अहो बाई, बाजूला पडा ना.’’ आणि इंजिन चालूच.

दादा मागे गाडी लावत होता, तो धावत आला. त्याने आधी त्या गाडीची किल्ली उपटली, मग मला बाजूला ओढलं, मग शांतपणे वळून त्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. दादा प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशिनवर. उजव्या हाताचं मधलं बोट मशिनने अर्धं खाल्लेलं, त्यामुळे त्याची मूठ वाकडी वळायची आणि लागायची मात्र दुप्पट. दात पडला. रक्ताची धार शर्टावर आली. दादा ओरडला, ‘‘बंद कर! सगळ्यांनी बंद करा!’’ आणि काय सांगू, एकेक करत सगळी इंजिनं बंद झाली. त्या फाटकावर मी पहिल्यांदा कावळ्याचा आवाज ऐकला.

तेव्हापासून त्याचं नाव बंदकर पडलं. लोक आडनाव समजून हाक मारायचे.

दाताचं प्रकरण मिटलं ते सेफ्टीवाल्या साहेबांमुळे. साहेबांच्या डोक्यात तसंही धूर कमी करायचं घोळत होतं. त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून नीट समजावलं. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर झटका, चेनला तेल द्या, जोरात पळवून जोरात ब्रेक मारू नका, उभे असाल तर इंजिन बंद ठेवा, एका दिशेचे दोघे डबलसीट या. साधंसरळ बोलणं. शेवटी त्यांनी हेही सांगितलं की चालत्या गाडीत इंजिन कधी बंद करायचं नाही. मग म्हणाले, हे कोण बघणार? सगळ्या माना दादाकडे वळल्या. साहेब हसले आणि दादाला कॅप्टन केलं. माकडाच्या हातात कोलीत, दुसरं काय.

पण खोटं कशाला बोलू, दादाने केलं. दर सकाळी तो फाटकावर लोकांची टायरं अंगठ्याने दाबत उभा राहायचा. हवा कमी असली की टपली. फिल्टर काळा निघाला की तो काढून मालकाच्याच तोंडावर झटकायचा. एकट्याने येणाऱ्याला कॉलर धरून दुसऱ्याच्या मागे बसवायचा, मग त्या दोघांचं वर्षानुवर्षांचं वैर का असेना. लेथवाला आणि फोरमन असेच एकमेकांना शिव्या घालत डबलसीट यायचे. उभ्या गाडीवर कोणी रेस केली तर दादा तिची किल्ली काढून गटारात फेकायचा. मारामाऱ्या झाल्या. एकाने त्याच्या डोक्यात पाना घातला, टाके पडले. दादाने त्याच टाक्यांनिशी त्या माणसाला त्याच्याच गाडीच्या पुढच्या चाकावर आपटलं. वहिनी घरी कपाळाला हात लावून बसायची. ‘‘अहो, लोक पेट्रोल वाचवतात, तुम्ही रक्त सांडता.’’

‘‘तिला चक्कर आली तेव्हा तू नव्हतीस तिथे,’’ दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा. झालं, वहिनी उठून चुलीकडे वळायची. आणि मी त्याचीच बाजू घ्यायचे. कारण फाटकावरचा धूर खरंच गेला होता. आम्ही बायका ओढणी खांद्यावर टाकून गप्पा मारत उभ्या राहायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा, का नाही वाटणार?

हा मारका हात दादाने आणला कुठून, तर बाबांकडून. आमचे बाबा वेल्डर. दिवसभर ठिणग्या खायचे आणि रात्री पट्टा काढायचे. मला कधी बोट लावलं नाही, पण दादाची पाठ बघाल तर अजून वळ दिसतील. आई गेल्यावर तर धरबंदच उरला नाही. मग एक दिवस दादा मोठा झाला. त्याने तो पट्टा हवेतच धरला, बाबांच्या हातून हिसकला आणि त्यांना दाराच्या चौकटीवर असं ढकललं की त्यांची कपाळपट्टी फुटली. त्यानंतर ते दोघे एका छपराखाली राहिले नाहीत. आम्ही वर टेकडीवर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आलो, बाबा खाली उताराच्या पायथ्याशी जुन्या खोलीतच राहिले. पुढे त्यांचे डोळे गेले. आधी धूसर, मग एक, मग दुसरा. इतकी वर्षं वेल्डिंगची काळी काच न लावता ठिणग्या बघितलेल्या, डॉक्टर तरी काय करणार?

डोळे गेले तरी ताठा गेला नाही. खोलीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याचं दुकान. बाबा रोज सकाळी रस्ता ओलांडून त्या दुकानात जायचे आणि दिवसभर सायकलींची वाकडी चाकं सरळ करत बसायचे. चाक फिरवायचं, बोट लावून कुठे लचकतंय ते बघायचं आणि तिथला स्पोक पिळायचा. पंक्चरवाला म्हणायचा, काका, मी येतो ना हात धरायला. बाबा त्याच्यावर काठी उगारायचे. ‘‘डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत.’’ कडेला उभे राहायचे, मान तिरकी करायचे, ऐकायचे, आणि रस्ता मोकळा वाटला की छाती काढून चालायला लागायचे. आयुष्यात स्वतःच्या जोरावर करण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. ते गेलं असतं तर माणूस खोलीत पडून संपला असता. आणि त्या रस्त्यावर एक दिवस चुकले तर तसेही संपणार होते. मी रोज डबा द्यायला जायचे ती जीव मुठीत धरूनच.

दादाशी त्यांचं बोलणं नव्हतं, पण दादाची गाडी ते आवाजावरून ओळखायचे. मी डबा उघडून दिला की घास घेता घेता म्हणायचे, ‘‘त्या गाढवाची चेन सैल झालीय, सांग त्याला.’’ मी दादाला सांगायचे. दादा ‘‘म्हाताऱ्या, स्वतःचं बघ म्हणावं’’ असं म्हणून मुकाट्याने चेन आवळायचा. बापलेकाचं सगळं प्रेम त्या चेनवर चाललं होतं.

आता उताराचं ऐका. क्वार्टर्सपासून पायथ्यापर्यंत सलग उतार, मग कारखान्याच्या फाटकापर्यंत सपाट. दादाच्या डोक्यात आलं की वरच किल्ली बंद करून गाडी सोडली आणि खाली ब्रेक लावला नाही, तर ती थेट फाटकापर्यंत घरंगळते. थेंबभर पेट्रोल न जाळता कामावर! साहेबांनी नको म्हटल्याची मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, ‘‘साहेब घाबरट आहे.’’

‘‘आणि किल्ली बंद केल्यावर हॉर्न?’’

‘‘घसा आहे ना मला देवाने दिलेला.’’

पहिल्या दिवशी मी त्याच्या मागे डबलसीट बसून खाली आले तेव्हा त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला होता, पण मजाही वाटली. नुसता वारा. थोड्याच दिवसांत त्याने सगळ्या क्वार्टर्सला ते करायला लावलं. सकाळी वर सगळ्या गाड्या जमायच्या, दादा हात वर करायचा, किल्ल्या बंद व्हायच्या आणि सगळा ताफा आवाज न करता खाली सुटायचा. ब्रेक लावणाऱ्याची धडगत नसायची. मधे कोणी ब्रेक लावला तर मागच्या सगळ्यांचा वेग मोडायचा आणि सपाटावर गाड्या ढकलत न्याव्या लागायच्या. मग त्याला फाटकावर प्रसाद.

पॅकिंगमध्ये एक नवा मुलगा होता, इतका बारीक की सगळे त्याला पैलवान म्हणायचे. नुकतंच लग्न झालेला, जपून चालवणारा. तो इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, कडेकडेने उतरायचा. दादाने एक दिवस त्याच्या बरोबरीला गाडी आणली आणि चालत्या गाडीवरून त्याच्या गाडीला लाथ घातली. पैलवान रस्त्यावर घासत गेला. गुडघा सोलून हाड दिसायला लागलं. मी मागच्या सीटवरून दादाच्या पाठीत बुक्क्या मारत होते, अरे थांब, अरे मेला असता तो! दादा उतरला, पैलवानाची गाडी उचलून उभी केली, किल्ली फिरवून बंद केली आणि ती त्याच्या हातात दिली. ‘‘उद्यापासून माझ्या मागे. आणि ब्रेकला पाय लागलेला दिसला तर तो पाय तोडीन.’’ पैलवान रडत होता. दुसऱ्या दिवशी तो बरोबर दादाच्या मागे होता, किल्ली बंद.

बाबांना काही दिवसांनी संशय आला. डबा खाताना म्हणाले, ‘‘पोरी, त्या गाढवाने कामावर जाणं सोडलं का? सकाळी गाडी ऐकू येत नाही.’’

मी सांगितलं, दादा इंजिन बंद करून येतो.

बाबांचा घास हातातच राहिला. ‘‘मग मी ऐकू काय?’’

एरवी टायरांची सळसळ तरी आली असती कानावर, पण सकाळच्या वेळी पंक्चरवाल्याचं हवा भरायचं मशिन धडधडत असायचं. मी त्याच संध्याकाळी दादाला बखोटीला धरून खोलीवर नेलं. म्हटलं, आज काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे.

झालं ते असं. बाबा म्हणाले, पायथ्याशी तरी इंजिन चालू करत जा. दादा म्हणाला, तिथे चालू केलं तर वरून बंद करण्याला अर्थ काय? पंक्चरवाला हात धरतो म्हणतो तर धरू द्या ना. बाबा म्हणाले, तुझ्या धंद्यापायी मी दुसऱ्याचा हात धरू? दादा म्हणाला, ‘‘तुमच्या ताठ्यापायी मी सगळ्यांना धूर खायला घालू?’’ बाबांनी आवाजाच्या रोखाने काठी हाणली. ती दादाच्या कानशिलावर बसली, कान फाटला. दादाने काठी हिसकली. मी मध्ये पडले तर मलाही धक्का देऊन भिंतीवर लोटलं. मला वाटलं, आता हा बापाला मारतो. पण त्याने काठी गुडघ्यावर ठेवून काडकन मोडली आणि दोन तुकडे बाबांच्या पायाशी टाकले.

‘‘मोडलीस?’’ बाबांनी विचारलं.

‘‘मोडली.’’

‘‘मोडू दे. कान तर नाही ना मोडता येत तुला.’’

दारातून बाहेर पडताना दादा थबकला. फाटक्या कानावर हात दाबून, मागे न बघता म्हणाला, ‘‘पायथ्याशी आलो की मी ओरडेन. ‘बाजूला’ म्हणून ओरडेन. ते ऐकलं की उभे राहा, मी गेलो की चालायला लागा.’’ त्या माणसाच्या मानाने ही फार मोठी माघार होती. बाबा ऐकत होते. मान तिरकी होती ना. मीही म्हटलं, चला, काहीतरी मार्ग निघाला.

आणि तसं चाललं होतं खरं. दादा पायथ्याशी ‘‘बाजूलाऽऽ’’ म्हणून बोंब मारायचा, बाबा कडेला थांबायचे. मी मागून ‘‘बाबा, मी पण आहे’’ म्हणून ओरडायचे. आमच्या मागच्यांनाही कधी वाटलं नाही की आपणही ओरडावं. पुढचा ओरडला की झालं. रोज बाबा आमच्यानंतर जरा रेंगाळायचे, खिसे चाचपायचे, तेवढ्यात सगळा ताफा निघून जायचा. त्यांना ते माहीतच नव्हतं. मेंढरांचा कळप आपल्या पुढ्यातून जातोय आणि आपण फक्त पुढच्या घंटेचा आवाज ऐकतोय, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्यांच्या लेखी रस्त्यावर एकच गाडी होती, त्यांच्या मुलाची.

त्या सकाळी त्यांनी खिसे चाचपले नाहीत.

दादा ओरडला. बाबा कडेला उभे होते. आम्ही सूंकन पुढे गेलो. मी रोजच्यासारखी मागे वळून पाहत होते, म्हणून मला सगळं दिसलं. बाबांनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि छाती काढून रस्त्यात पाऊल टाकलं. मी किंचाळले. पैलवान आमच्या मागून येत होता. त्याला बाबा दिसले, त्याचे डोळे मोठे झालेले मला दिसले, आणि त्याचा पाय ब्रेकपाशी जाऊन अडला. खरंच अडला, मी शपथेवर सांगते. एक क्षण. मग त्याने ब्रेक दाबला, पण तोवर गाडी बाबांच्या कमरेवर बसली होती. बाबा उडून डोक्यावर आपटले. मागच्या दोन गाड्या पैलवानावर आदळल्या. पत्रा फाटल्याचा आवाज झाला, कोणाचा तरी हात चाकात गेला, कोणीतरी गुरासारखा ओरडायला लागला.

दादाने गाडी तशीच सोडून दिली, मी तिच्याबरोबर आपटले, कोपर फुटलं. तो उलटा धावत गेला. मला वाटलं, बाबांकडे जातोय. तो गेला पैलवानाकडे. गाडीखालून त्याला खेचून काढला आणि त्या वाकड्या मुठीने मारायला लागला. तोंडावर, तोंडावर, तोंडावर. चौघांनी धरलं तरी तो आवरत नव्हता. पैलवानाचा जबडा एका बाजूला लोंबत होता. त्यातूनही तो बोलला. रक्ताचे बुडबुडे काढत म्हणाला, ‘‘ब्रेक... ब्रेक लावू नको म्हणाला होतास.’’

दादाने पुन्हा मूठ उगारली. तेव्हा मी माझं हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांनी दादाच्या टाळक्यात घातलं. तो गुडघ्यांवर बसला. ‘‘बाप मरतोय तुझा,’’ मी म्हटलं. ‘‘मारतोस कोणाला?’’

बाबा शुद्धीवर होते. पंक्चरवाल्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, त्याची मांडी रक्ताने भिजली होती. कंबर भलत्याच बाजूला वळली होती. मी त्यांचा हात धरला. ते माझ्याशी बोलत होते, पण वेदनेचं काही नाही. एकच घोकत होते.

‘‘रस्ता मोकळा होता गं. मी ऐकलं. तो गेला, मग मी ऐकलं. काही नव्हतं. गेले, पोरी, माझे कान पण गेले.’’ आणि रडायला लागले. पट्ट्याने पोराची पाठ फोडणारा माणूस, डोळे गेले तेव्हा रडला नाही, तो त्या डांबरावर लहान मुलासारखा रडत होता. ‘‘आता काय उरलं माझ्याकडे?’’

मी दादाकडे बघितलं. ‘‘सांग त्यांना.’’

साऱ्या कारखान्यावर ओरडणारा माझा भाऊ. त्याच्या तोंडातून आवाज फुटेना.

‘‘सांग म्हणते ना, मुडद्या!’’

तो रांगत आला. बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. त्याच्या डोक्यातून, माझ्या हेल्मेटने काढलेलं रक्त, बाबांच्या गालावर ठिबकत होतं. ‘‘बाबा, कान शाबूत आहेत तुमचे. माझ्या मागे अजून गाड्या होत्या. खूप होत्या. सगळ्यांची इंजिनं बंद होती. मी बंद करायला लावली होती, मारून मारून.’’

बाबांचं रडणं थांबलं. त्यांनी मान तिरकी केली, पूर्वीसारखी.

‘‘तरीच,’’ ते म्हणाले.

मग हात उचलून, चाचपडत, त्यांनी दादाचा चेहरा शोधला आणि त्याच्या थोबाडीत मारली. जोर कुठला असणार? पण दादाने डोळे मिटून दुसरा गाल पुढे केला. हात पुन्हा वर आला नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा बाबा गेलेले होते, आणि खरं सांगते, चेहऱ्यावर समाधान होतं.

पैलवानाचा जबडा तारांनी बांधला. दादाची नोकरी गेली, पोलिसांनी नेला आणि बऱ्याच महिन्यांनी सोडला. उतारावर साहेबांनी फलक लावला, लोक आता इंजिन चालू ठेवून हळू उतरतात. फाटकावर मात्र अजूनही सगळे बंद करतात, ते चांगलंच आहे.

बाबांना पोचवून आलो त्या संध्याकाळी, पोलीस यायच्या आधी, शेजारपाजारचे येऊन बसले होते. दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून, डोक्याला फडकं बांधून. फोरमन चांगल्या मनाने म्हणाला, ‘‘वय झालं होतं हो. कान गेले असणार म्हाताऱ्याचे.’’

दादा उठला. फोरमनची कॉलर धरून त्याने त्याला भिंतीवर असा आपटला की वरच्या घड्याळाची काच खाली आली. वहिनी ओरडली, लोक धावले. मी धावले नाही.

‘‘कान शाबूत होते माझ्या बापाचे,’’ दादा म्हणाला. ‘‘गाड्या मी बंद केल्या होत्या. जाऊन सगळ्यांना सांग.’’